अकरा नंबरचा उमेदवार

११ जानेवारी

ती. ताई,

पत्र मिळालं. अक्षर सुधारलंय. मागच्या वेळी कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून चालत गेल्यासारखं वाटलं होतं, या वेळी निदान ती कोंबडी चार इयत्ता शिकलेली दिसते. अर्धांगवायूनंतर डाव्या हाताने एवढं लिहितेस, ही साधी गोष्ट नाही. तुला फोनवर बोलता येत नाही याचं वाईट वाटतं, पण खरं सांगू, पत्रं मला बरी पडतात. या नोकरीत चांगली बातमी द्यायला कोणी फोन केल्याचं मला आठवत नाही.

डॉक्टर काय म्हणाले ते विचारलंस. जिना चढताना छातीवर कोणी बसल्यासारखं होतं ते वयामुळे नव्हे. हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्यात. छाती उघडून बायपास करावं लागेल. किती थांबता येईल असं विचारलं, तर म्हणाले, "जेवढं थांबायचं तेवढं तुमचं थांबून झालंय."

ऑपरेशन आमच्याच इस्पितळात होईल. अडचण डॉक्टरांची नाही, माझ्या खुर्चीची आहे. मी डेटाबेसशी लग्न लावलंय म्हणून तू चिडवतेस ना, तर ही बायको माहेरीसुद्धा जाऊ देत नाही असं समज. आमच्या सगळ्या इस्पितळांत कोण रुग्ण कुठल्या खाटेवर आहे, कोणाचं रक्त कुठलं, कोणाला कुठलं औषध दिलं तर जिवावर बेतेल, हे सगळं एका कोठारात असतं. त्यातलं काही हरवू नये आणि कोणी मागितलं की लगेच मिळावं, हे बघणारा मी. पूर्वी आम्ही तिघं होतो. एकाला बँकेने पळवलं, दुसरा परदेशी गेला. त्यांच्या जागा अजून रिकाम्याच आहेत.

आमच्या मॅडम म्हणाल्या, "सुट्टी हवी तेवढी घ्या, पण खुर्चीवर अनुभवी माणूस बसवून जा." त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. जाहिरात देऊन कित्येक महिने झाले. ज्यांना अनुभव आहे ते नोकरी सोडत नाहीत, आणि जे येतात त्यांनी चालता डेटाबेस फक्त चित्रात पाहिलेला असतो. मुलाखती मीच घ्यायच्या, कारण घेणारा दुसरा कोणी उरलेलाच नाही.

मुलाखतीची तऱ्हासुद्धा ऐक. मागच्या साहेबाने बायकोच्या माहेरची निम्मी मंडळी भरली होती, तेव्हापासून नियम झाला की मुलाखत घेणाऱ्याला उमेदवार दिसता कामा नये. तो त्याच्या गावात परीक्षेच्या जागी बसतो, मी इथे बसतो आणि आम्ही एकमेकांना इंग्रजीत टाइप करून विचारतो. नाव नाही, आवाज नाही, बाई की बाप्या तेही नाही. मला फक्त नंबर कळतो. एकदा लग्नं अशी जुळवून बघायला हवीत.

चिमी कशी आहे? मामाची आठवण काढते का?

तुझा बाब्या


२० जानेवारी

चि. बाब्या,

कोंबडीला नावं ठेवू नकोस. एक ओळ लिहायला मला चहा गार होईपर्यंत वेळ लागतो.

मॅडमचं चुकलं असं म्हणता येत नाही, असं तू लिहितोस. मला म्हणता येतं. छाती तुझी आहे. तिथे शंभर डॉक्टर असतील, त्यांतल्या एकालाही हे दिसत नाही? माणूस मिळेपर्यंत थांब म्हणे. आणि नाही मिळाला तर?

चिमी बरी आहे. माझं सगळं ती करते, तुला माहीतच आहे. न्हाऊ घालते, वेणी घालते, माझे शब्द फुटत नाहीत तर माझ्या तोंडाकडे बघून ओळखते. तुझं पत्र तिने वाचून दाखवलं. बायपासचा भाग आला तेव्हा थांबली आणि पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचला. आता पुन्हा नोकरी शोधायचं तिच्या मनात आहे. मी म्हणाले शोध. वन्सं इथे राहायला यायला तयार आहेत. त्या दिवसभर टीव्हीशी भांडतात, पण स्वयंपाक चांगला करतात.

आपण दोघंच उरलोय, बाब्या. आईबाबा गेले, चिमीचे बाबा गेले. तुला काही झालं तर मी बाब्या म्हणायचं कोणाला? हे लिहिताना हात थांबला होता, म्हणून शाई सांडलीय.

ताई


८ फेब्रुवारी

ती. ताई,

मुलाखतींचा धडाका चालू आहे. तुझी करमणूक व्हावी म्हणून लिहितो, माझी तर आधीच झालीय.

तीन नंबरला इतकं येतं की मी लाजलो. जगात जेवढी म्हणून सॉफ्टवेअर आहेत तेवढी त्याने कोळून प्यायलीत. मग मी विचारलं, यातलं रोज काय वापरता? उत्तर आलं, "ईमेल." सात नंबरने पहिलाच प्रश्न मला विचारला, रात्री फोन येतात का? येतात म्हटल्यावर त्याने आभार मानले आणि निघून गेला. मला तो आवडला, निदान सरळ होता. नऊ नंबरची उत्तरं झकास, पण कुठूनतरी उचललेली. एका उत्तराच्या शेवटी "अधिक माहितीसाठी इथे दाबा" तसंच राहिलं होतं.

आणि मग अकरा नंबर. ताई, या गड्याने मला खुर्चीत सरळ बसवलं. मी सगळ्यांना एक प्रश्न विचारतो. मोठा डॉक्टर फोन करतो, "काल माझ्या हातून औषधाचा डोस चुकीचा नोंदला गेला, तुम्ही आतून गुपचूप बदलून द्या," तर काय कराल? बाकीचे म्हणतात, बदलून देऊ, डॉक्टर मोठा आहे ना. काही म्हणतात, नियम बघू. अकरा नंबर म्हणाला, "जुनी नोंद पुसणार नाही. तिच्याखाली आजच्या तारखेने आणि स्वतःच्या नावाने दुरुस्ती लिहा असं त्यांना सांगेन. आणि फोन ठेवण्याआधी विचारेन, तो डोस रुग्णाला दिला गेला का?" शेवटचं वाक्य आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मीसुद्धा पहिल्यांदा म्हटलं असतं की नाही, देव जाणे.

पण नशीब बघ. कागदावर आठ वर्षांचा चांगला अनुभव, आणि त्यानंतर चार वर्षं कोरी. काय करत होतात? "घरी आजारपण होतं." मी विचारलं, पुन्हा घरी आजारपण आलं आणि इथे सगळं बंद पडलं, तर कुठे जाल? "घरी जाईन. म्हणूनच त्याआधी इथे कोणालातरी तयार करून ठेवीन."

तिथेच संपलं. घरी जाणारा माणूस या खुर्चीवर चालत नाही. चार वर्षांत तर या कामाची भाषा बदलते. मी फुली मारली. मारताना वाईट वाटलं हे कबूल करतो, पण वाईट वाटलं म्हणून कोठाराच्या किल्ल्या देता येत नाहीत.

हल्ली जिन्यात मधेच बसावं लागतं. लोक विचारतात, मी म्हणतो बुटाची नाडी सुटली.

बाब्या


१७ फेब्रुवारी

चि. बाब्या,

तुझं पत्र या वेळी मी स्वतः वाचलं. चिमीला दिलं नाही.

त्या अकरा नंबरला घे. मला तुझ्या कामातलं काही कळत नाही, पण तू स्वतःच लिहिलंस की त्याने तुला सरळ बसवलं. मग अडलं कुठे? घरचं आजारपण काढलेला माणूस वाईट कसा होतो? आजाऱ्याजवळ बसायला काय थोडी अक्कल लागते? रात्री उठावं लागतं, औषधं चुकवून चालत नाही, कोणाला काय चालत नाही ते लक्षात ठेवावं लागतं. तुझ्या कोठारात आणखी वेगळं काय असतं?

घरी जाणारा चालत नाही म्हणतोस. घरी न जाणारे काय करतात तेही मी पाहिलंय.

याहून जास्त मला लिहिता येत नाही. कोणाला तरी शब्द दिलाय. अकरा नंबरला पुन्हा बोलाव. एवढं माझं ऐक.

ताई


२ मार्च

ती. ताई,

तुझं पत्र लागलं. लागायलाच हवं होतं, तू नेम धरून मारलंस.

तुला झटका आला तेव्हा मी आलो नाही, हे तू चार वर्षं मनात ठेवलंस आणि आज अकरा नंबरच्या आडून बोललीस. बोलायचंच होतं तर सरळ बोलायचं. त्या आठवड्यात आम्ही सगळं कोठार जुन्या यंत्रांवरून नव्यावर हलवत होतो. मी उठून आलो असतो आणि मधेच काही फिसकटलं असतं, तर किती जणांची रक्ताची नोंद हरवली असती याचा हिशेब तुला कोणी दिला नसता, मला द्यावा लागला असता. तुझ्याजवळ चिमी होती. इथे माझ्या जागी कोणी नव्हतं. कोणाला काय शब्द दिलास ते तुझं तुला माहीत, मी विचारत नाही.

असो. आनंदाची बातमी देतो, म्हणजे तुझा राग उतरेल. माणूस मिळाला. चौदा नंबर. बारा वर्षं सलग काम, एका दिवसाचाही खंड नाही. प्रत्येक उत्तर असं की वाचत राहावं. डॉक्टरच्या प्रश्नावर तर त्याने मलाच दोन गोष्टी शिकवल्या. मॅडम इतक्या खूश झाल्या की त्यांनी स्वतः माझ्यासाठी ऑपरेशनची तारीख घेतली. या महिन्याच्या शेवटी. तो रुजू झाला की आठवडाभर त्याला सगळं दाखवायचं आणि मी टेबलावर आडवा व्हायचं.

रागावू नकोस. बरा झालो की बोलू.

बाब्या


२१ मार्च

ती. ताई,

तुझं उत्तर नाही. अजून रागावली असशील. तरी लिहितो, कारण दुसरं कोणाला सांगावं असं कोणी नाही.

चौदा नंबर रुजू झाला. नवाकोरा शर्ट, हातात प्रमाणपत्रांची फाइल, बोलायला गोड. मी त्याला स्क्रीनसमोर बसवलं आणि म्हटलं, मागच्या वेळी तुम्ही जे लिहिलंत ते करून दाखवा. त्याने माऊस इकडेतिकडे हलवला. मग म्हणाला, इथलं जरा वेगळं दिसतंय. मी सोपं विचारलं. मग त्याहून सोपं. शेवटी कालच्या बॅकअपची फाइल कुठे दिसते ते विचारलं, तेव्हा त्याने सगळं कबूल केलं.

मुलाखतीला तो बसलाच नव्हता, ताई. त्याच्या जागी भाड्याचा माणूस बसला होता. टाइप करून दुसऱ्यांसाठी मुलाखती देणं हाच त्याचा धंदा म्हणे. वशिला थांबवायला आम्ही नाव, आवाज, चेहरा सगळं झाकलं, आणि त्या पडद्याआडून हा आत शिरला. मला दोन गोष्टी शिकवणारा तो खरा हुशार माणूस कोण, कुठे राहतो, देव जाणे. त्याला नोकरी नको, कारण नोकऱ्या मिळवून देण्यातच त्याचं भागतं.

पोराला घरी पाठवलं. जाताना रडला. मला राग यायला हवा होता, पण दम लागल्यामुळे मी भिंतीला टेकून उभा होतो.

ऑपरेशनची तारीख रद्द झाली. नवी जाहिरात जाईल. डॉक्टर मला व्हरांड्यात भेटले आणि माझी नाडी बघून पुढे गेले. ते मला आवडलं नाही.

बाब्या


२८ मार्च

चि. बाब्या,

मी रागावले नव्हते. शब्द मोडू की नको, याचा विचार करत होते. आता मोडते.

अकरा नंबर चिमी होती.

तुझं जानेवारीचं पत्र वाचलं आणि तिने अर्ज केला. मामाला माणूस मिळत नाही, मामा मरेल, आणि मला हे काम येतं, असं म्हणाली. आठ वर्षं ती हेच काम करत होती, तू कधी विचारलंच नाहीस. तुला कळू द्यायचं नव्हतं. कळलं तर नात्यातली म्हणून तुला ती घेता येणार नाही, आणि घेतलीस तरी भाची म्हणून घेशील. तिला तिच्या कामावर यायचं होतं. मला शपथ घातली होती. परीक्षेहून आली तेव्हा खुशीत होती, प्रश्न काय सुंदर होते म्हणाली. मग नाही म्हणून कळलं. कुठल्या कारणाने ते तिला अजून माहीत नाही. ते तू मला लिहिलंस, तिला कोणी सांगितलं नाही, मीही सांगितलेलं नाही.

बाब्या, तिची चार कोरी वर्षं माझ्या पलंगापाशी गेली. तू येऊ शकला नाहीस, कारण तुझ्या जागी कोणी नव्हतं. म्हणून ती नोकरी सोडून आली. आणि ती आली म्हणून तुझ्या जागी चालत नाही. मी हे डोक्यात कितीदा फिरवून पाहिलं. मला यातून बाहेर पडायचा रस्ता सापडत नाही, तुला सापडतो का बघ.

मी तुला टोमणा मारला नव्हता. मी माझ्या मुलीसाठी तुझ्याकडे पदर पसरला होता.

ताई


९ एप्रिल

ती. ताई,

तुझं पत्र मिळालं. स्क्रीनवर ती मुलाखत अजून जपलेली आहे. काढून पुन्हा वाचली. "घरी जाईन" हे वाक्य वाचताना मला लाज वाटली. फुली मारताना मी कसा ऐटीत बसलो होतो तेही आठवलं.

मॅडमकडे गेलो. म्हटलं, अकरा नंबर माझी भाची आहे, मला ठाऊक नव्हतं, आणि आजवर आलेल्यांत तीच एक या कामाची आहे. त्या म्हणाल्या, नियमात बसत नाही. मी म्हटलं, नियमात चौदा नंबर बसला होता. मग म्हणाल्या, तात्पुरती म्हणून घेऊ, पण तुम्ही तिला पूर्ण तयार केल्याशिवाय जायचं नाही.

चिमीला पाठव. माझ्याकडेच राहील. मागची खोली रिकामी करून ठेवलीय. तिला फुलीचं कारण मीच सांगेन, तू सांगू नकोस.

बाब्या


३ मे

प्रिय आई,

तू जेवतेस ना नीट? आत्याला सांग, गोळ्या जेवणानंतरच, तिला वाटेल तेव्हा नाही.

पहिल्याच दिवशी मामाने मला फुलीचं कारण सांगितलं. भांडी विसळता विसळता, माझ्याकडे पाठ करून. मी म्हटलं, जाऊ दे. खरं तर मला राग आला होता आणि अजून थोडा आहे, पण त्याची पाठ बघितली की बोलवत नाही. शर्ट खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबतो.

काम मला येतंय. काही गोष्टी चार वर्षांत बदलल्यात, त्या मी भराभर उचलल्या. मामा माझ्या मागे स्टूल घेऊन बसतो, हात खिशात घालून, म्हणजे माझ्या हातातून कीबोर्ड ओढून घ्यायचा मोह होणार नाही. मागच्या आठवड्यात एक यंत्र बंद पडलं, ते मी एकटीने उभं केलं. तो उठून चहा घ्यायला गेला. घरी येताना मात्र वाटेत त्याने मला आइस्क्रीम घेऊन दिलं, मी पाचवीत असताना द्यायचा तसं.

पण आई, तो तारीख घेत नाही. रोज म्हणतो, एवढी एक गोष्ट दाखवतो आणि मग. ती झाली की दुसरी निघते. मॅडमनी विचारलं, तयार झाली का? मी हो म्हणायच्या आत तो म्हणाला, अजून थोडं. मी तयार आहे, तो तयार नाही. काल लिफ्ट बंद होती. आम्ही जिन्याने आलो, तर मधल्या वळणावर तो इतका वेळ बसून राहिला की मला रडू यायला लागलं. ओठ निळे दिसत होते. तू लिही त्याला. तो फक्त तुला घाबरतो.

तुझी चिमी


११ मे

बाब्या,

आता पुरे झालं. तू शिकवतोयस असं तुला वाटतं, प्रत्यक्षात तू खुर्ची धरून बसलायस. लहानपणी पाहुण्यांच्या मुलाला सायकल देताना असाच करायचास. ब्रेक दाखवतो, मग घंटी दाखवतो, मग चाक, आणि तोवर संध्याकाळ व्हायची.

चिमीला चुकू दे. चुकेल, निस्तरेल. तूही तसाच शिकलास.

या पत्राचं उत्तर मला तारीख म्हणून हवंय. तारीख नसेल तर लिहू नकोस.

ताई


२४ मे

ती. ताई,

तीन जून. घे तारीख.

काल डॉक्टरांकडे गेलो होतो. जानेवारीत जे सोपं होतं ते आता तेवढं सोपं नाही, असं म्हणाले. हृदय थकलंय. तरी करू म्हणाले. मला भीती वाटते, ताई. तुला सांगायला हरकत नाही. चिमीसमोर मी ऐट मारतो.

गेले काही दिवस कामाचा फोन चिमीच्या खोलीत असतो. पहिल्या रात्री तो वाजला तेव्हा मी सवयीने उठून बसलो, तर पलीकडून तिचा आवाज, "हो, बघते." मग टाइप केल्याचा आवाज. मी पडून ऐकत होतो. ती काय करतेय ते मला नुसत्या आवाजावरून कळत होतं, आणि सगळं बरोबर करत होती. एवढ्या वर्षांत मला इतकी गाढ झोप लागली नव्हती.

बरा झालो की तुझ्याकडे येतो. दोन दिवसांसाठी नाही, चांगला महिनाभर. तुझ्या वन्संचं आणि टीव्हीचं भांडण मिटवतो. तुझा उजवा हात चोळून देतो. चिमी इथे आहे म्हटल्यावर मला कोणी अडवू शकत नाही.

तुझा बाब्या


१४ जून

चिमी बाळ,

फोनवर तू वन्संना सांगितलंस ते मी शेजारी बसून ऐकलं. मला बोलता आलं नाही. त्यांनी फोन माझ्या कानाशी धरला होता, तर माझ्या तोंडून नुसता आवाज निघाला. तू समजली असशील.

ऑपरेशन नीट झालं होतं असं तू म्हणालीस. दुसऱ्या दिवशी तो शुद्धीवर होता, बोलत होता. मग दुपारी गेला. बाकी मला काही विचारायचं नाही. एवढंच सांग, शेवटी त्याच्याजवळ कोण होतं? तू होतीस ना?

आई


१९ जून

प्रिय आई,

त्याच्याजवळ सिस्टर होती. मी नव्हते.

सकाळी मी त्याला भेटून आले होते. नळ्या, पट्ट्या, आवाज खोल गेलेला, पण डोळे मामाचेच. त्याने विचारलं, काल काही बंद पडलं का? मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "खोटं." मी हसले. संध्याकाळी येते म्हणाले आणि वर आमच्या खोलीत कामाला गेले.

दुपारी सगळं अडकलं. हिशेब विभागातल्या कोणीतरी वर्षभराचा भलामोठा अहवाल मागितला आणि त्याच्यामागे सगळ्या इस्पितळांच्या नोंदी खोळंबल्या. औषधं दिसेनात, खाटा दिसेनात. फोनवर फोन. मॅडम माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. तेवढ्यात खालून सिस्टरचा फोन आला, तुमचे मामा अस्वस्थ आहेत, वर कोण बसलंय असं विचारतात. मी म्हटलं, मी आहे म्हणून सांगा, आणि मी येतेच. थोड्या वेळाने तिचा पुन्हा फोन. म्हणाली, "त्यांना सांगितलं तुमची भाची आहे. ते म्हणाले, मग तिला उठवू नका."

मला वाटलं, बरा आहे. कामाचं बोलतोय म्हणजे बरा आहे. आई, मी खरंच तसं समजले. घरी जाईन असं मी मुलाखतीत लिहिलं होतं, त्याआधी कोणाला तरी तयार करीन असंही लिहिलं होतं. तयार करायला माझ्या हाताखाली कोणी नव्हतंच. मी उठले असते, तर त्या खुर्चीवर बसणारं कोणी नव्हतं.

मी तो अहवाल थांबवला आणि रस्ता मोकळा झाला. खोळंबलेल्या नोंदी एकामागून एक आत जायला लागल्या. मामाने शिकवलं होतं की रस्ता मोकळा झाला म्हणून लगेच उठायचं नाही, प्रत्येक नोंद नीट गेली का ते बघायचं. मी बघत होते. कोणाचं इंजेक्शन, कोणाला घरी सोडलं, कोणाला बाळ झालं. त्यातच एक त्याची होती. त्याचं नाव, खाटेचा नंबर, आणि पुढे मृत्यू. बराच वेळ ती बाहेर थांबून राहिली होती, मी वाट मोकळी केल्यावर आत आली. खाली सगळ्यांना कळलेलं होतं, माझा फोन सारखा गुंतलेला, म्हणून वर मलाच तेव्हा कळलं.

मॅडमना ते दिसलं नव्हतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "छान, सगळं सुरू झालं."

मी त्यानंतरही उठले नाही, आई. रांगेत अजून नोंदी होत्या.

तुझी चिमी